सोन्यातला फोटो

सोनूबाईंचा दुसरा फोटो स्क्रीनवर उघडला आणि सपना खुर्चीत पुढे सरकली. नाव तेच होतं. वय बहात्तर, पत्ता खारदांडा, हृदयाची एक झडप अरुंद झालेली, ती तातडीने बदलायला हवी असं खाली डॉक्टरने लिहिलेलं. सगळं कालचंच. फक्त बाई वेगळी दिसत होती. केस सुटलेले, गाल आत गेलेले, तोंड दात काढल्यावर होतं तसं मिटलेलं, अंगात हॉस्पिटलचा विटका हिरवा झगा. नजर खाली, स्वतःच्या पोटाकडे. कानांच्या पाळ्या ओढून लांब झालेल्या आणि त्यांतली भोकं रिकामी. फोटोखाली चेहरे जुळवणाऱ्या यंत्राने आपल्या पद्धतीने लाल पट्टी टाकली होती, चेहरा जुळत नाही. सपनाने माउसवरून हात काढून मांडीवर ठेवला. शेजारच्या टेबलावर कोणीतरी वेफर्सची पिशवी फोडत होतं आणि तो आवाज तिला सहन होईना.

काल दुपारी हीच केस तिच्याकडे पहिल्यांदा आली होती. अंधेरीतल्या या मजल्यावर दिवसभर केसेस येतात. कुठल्या तरी हॉस्पिटलात कोणीतरी खाटेवर पडलेलं असतं, योजनेतून ऑपरेशन व्हायचं असतं, त्याआधी मंजुरी लागते, आणि ती मंजुरी सपनासारख्या माणसांनी द्यायची असते. सपना होमिओपॅथीची डॉक्टर. मुलुंडला स्वतःचा दवाखाना टाकायचं कधीकाळी तिच्या मनात होतं, आता ती इथे रिपोर्ट बघते, खाटेवरचा फोटो बघते आणि तीन बटणांपैकी एक दाबते. मंजूर, शंका, नामंजूर. इतक्या वर्षांत तिने एकाही पेशंटची नाडी धरलेली नाही. फोटोतल्या माणसांकडे ती चेहरा म्हणून बघतच नसे. खाट आहे ना, सलाइन आहे ना, चेहरा कॅमेऱ्याकडे आहे ना, झालं. पण काल सोनूबाईंचा फोटो उघडला आणि तिचा हात थांबला. बाई खाटेवर पाठ ताठ करून बसली होती. नाकाला प्राणवायूची नळी आणि त्या नळीच्या शेजारी नथ. गळ्यात ठुशी, तिच्याखाली मोहनमाळ, तिच्याखाली लक्ष्मीहार, मनगटं पाटल्यांनी भरलेली, कानांत वेल. अंबाडा घट्ट घातलेला. आणि बाई थेट कॅमेऱ्यात बघत होती, लग्नात वरमाई बघते तशी, जरा रागाने, जरा मानाने, लवकर काढ बाबा अशा नजरेने.

सपनाला तेव्हा काय वाटलं हे तिला आता नीट आठवत होतं आणि आठवायचं नव्हतं. तिला राग आला होता. साधा, स्वच्छ राग. हिच्या अंगावर एवढं सोनं आणि हिला सरकारी योजना हवी. नियम तिला पाठ होता. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, असं आता झालं होतं. त्याची जाहिरात बसच्या पाठीवर ती रोज वाचत होती, हसरे म्हातारा-म्हातारी आणि वर मोठ्या अक्षरांत सगळ्यांसाठी. आधी पिवळं कार्ड, मग केशरी, मग कोणतंही, आता सत्तरीवाले सगळे. वरून दार मोठं होत चाललं होतं. पण शंका विचारायची म्हटली की स्क्रीनवर कारणांची यादी उघडते, आणि त्या यादीत आर्थिक स्थिती पडताळावी हे जुनं कारण अजून होतंच. नियम बदलला, यादी बदलायची कोणाच्या डोक्यात आलं नाही. सपनाने तेच कारण निवडलं होतं. वर रकान्यात टाइपही केलं होतं, पेशंटच्या अंगावर भरपूर दागिने आढळतात. मग पुढची केस उघडली, आणि चहाला जाताना ती यज्ञेशला म्हणालीसुद्धा, आज एक झकास केस आली रे, सोन्याने मढलेली. यज्ञेश त्यांच्या टीमचा प्रमुख. तो हसला होता. तीही हसली होती.

त्या हसण्याची आता तिला लाज वाटत होती. कारण तिच्या एका ओळीने काय केलं ते समोर दिसत होतं. तिकडे हॉस्पिटलात योजनेच्या टेबलावरच्या कोणीतरी ती ओळ वाचली असणार आणि म्हातारीला सांगितलं असणार, आजी, दागिने काढा, गरीब दिसा. आणि म्हातारीने ऐकलं. नुसते दागिने नाही, सगळंच काढलं. दात काढले, अंबाडा सोडला, पाठ वाकवली, नजर काढून घेतली. दिसायला सांगितलं तशी दिसली. सपनाला हे कसं करतात ते माहीत होतं. तिने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, शाळेत असताना, मुलुंडच्या चाळीत, स्वतःच्या आईला करताना.

तिची आई, सुंदराबाई, पांढरं सुती पातळ नेसायची. दोनच होती, पण नळाचं पाणी आलं की आधी पातळ धुतलं जायचं आणि मग बाकीचं. तांब्यात निखारे घालून त्या तांब्याने ती इस्त्री करायची. सोलापूरकडच्या गावाहून निघताना तिच्या सासऱ्याने तिला सांगितलं होतं, बाबासाहेबांनी सांगितलंय, फाटकं चालेल पण मळकं नको, आणि सुंदराबाईने त्यातलं फाटकंही काढून टाकलं होतं. पातळ विरायला लागलं की त्याची लगेच गोधडी व्हायची. घरात फाटकं म्हणून काही ठेवायचंच नाही. बाबा, म्हणजे राजाराम, मुलुंडच्याच एका कंपनीत होते, आणि कंपनी होती तोवर कामगार विम्याचं कार्ड होतं, आजारी पडायची सोय होती. कंपनीला टाळं लागलं आणि कार्ड गेलं. आई आजारी पडली ती नेमकी त्यानंतर. छातीत पाणी व्हायचं, पायांवर सूज. एका मोठ्या हॉस्पिटलात गरिबांसाठी राखलेल्या धर्मादाय खाटा होत्या, पण त्या खाटेसाठी गरीब असून भागत नव्हतं, गरीब दिसावं लागत होतं. फोटो हवा होता. कोणीतरी अनुभवी बाई बाबांना म्हणाली, तुमच्या मंडळींना असं इस्त्रीच्या पातळात नेऊ नका, वाट लागेल. आणि आईकडे फाटकं काही नव्हतं. शेवटी ती शेजारच्या धोंडाबाईकडे गेली आणि तिचं ठिगळ लावलेलं पातळ एका दिवसासाठी मागून आणलं. सपना दारात बसून बघत होती. आईने ते नेसलं, केस विस्कटले, मग आरशात बघितलं आणि पुन्हा विस्कटले. निघताना ती सपनाला म्हणाली, अशी बघू नकोस गं, खेळायला जा. स्टुडिओत तिने नजर खाली घातली. खाट मिळाली, पण आई पुढे फार जगली नाही. आणि ती गेल्यावर फोटो शोधायला लागले तेव्हा घरात तिचा एकटीचा तेवढा एकच होता. तोच मोठा करून घेतला. तोच आजही मुलुंडच्या घरात, आता चांगल्या सोसायटीतल्या घरात, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी लावलेला आहे. येणारे-जाणारे बघतात. सपना त्या भिंतीकडे पाठ करून जेवते.

"काय गं, अडकलीस का?" यज्ञेश मागे उभा होता. त्याने वाकून लाल पट्टी वाचली आणि शीळ घातली. "अरे वा. ही तर कालची सोनेवाली ना? ही कोण आणलीये?"

"तीच आहे."

"डोळे आहेत का तुला? ही वेगळी बाई आहे यार. नाव हिचं, खाटेवर तिसरीच. हॉस्पिटलवाले करतात असं. नामंजूर मार, कारण तोतया पेशंट. कार्ड आपोआप लॉक होईल."

"लॉक झालं तर सोडवायला किती दिवस जातात ते माहितीय ना? झडप आहे रे तिची. परवा सकाळी टेबलावर घेणार म्हणून लिहिलंय."

"मग तू मंजूर कर. यंत्र नाही म्हणतंय, तू हो म्हण. त्यासाठी कारण लिहावं लागेल, खाली तुझं नाव जाईल. माणिकरावांचं काय झालं आठवतंय ना?"

आठवत होतं. माणिकराव तिच्याआधी याच खुर्चीत बसायचे. त्यांनी यंत्राचा नकार डावलून एक केस मंजूर केली, ती खोटी निघाली, आणि एका सकाळी त्यांचा लॉगिन उघडला नाही. कोणी ओरडलं नाही, पत्र आलं नाही. लॉगिन उघडला नाही, एवढंच. माणूस थोडा वेळ खुर्चीत बसून राहिला आणि मग डबा उचलून घरी गेला.

"उद्या सकाळपर्यंत होल्डवर ठेवते," सपना म्हणाली.

"ठेव. पण उद्या आल्या आल्या काय ते कर. आणि हॉस्पिटलला फोनबिन करू नकोस हां. पेशंटशी संपर्क म्हणजे सरळ घरी."

तो गेला. सपनाने पुढच्या केसेस उघडल्या, खाटा, सलाइन, चेहरे, आणि प्रत्येक चेहरा आता तिच्याकडे बघायला लागला होता. गुडघ्याचा, मुतखड्याचा, मोतीबिंदूचा. एका म्हाताऱ्याने फोटोसाठी टोपी घातली होती. एका बाईने मुलाच्या गळ्यातली ताईताची दोरी झग्याच्या आत सारली होती, तिचं टोक बाहेर राहिलं होतं. ही सगळी माणसं फोटोच्या आधी क्षणभर विचार करत होती, कसं दिसू म्हणजे देतील. तिने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून पुन्हा बघितले. खरंच तीच बाई आहे का? पहिल्यांदाच तिला ती शंका आली, आणि ती आली म्हणून स्वतःचा संताप आला. कपाळ तेच वाटत होतं. उजव्या भुवईपाशी एक जुना व्रण होता, दुसऱ्या फोटोत तिथे केसांची बट आली होती. कार्डावरचा फोटो काढून बघितला तर तोही सोन्यातलाच, कोळीवाड्यातल्या कुठल्या शिबिरात काढलेला. म्हणजे यंत्राला म्हातारी सोन्यात असली तरच ओळखू येत होती, आणि सपनाला ती सोन्यात असल्यामुळेच खपली नव्हती. दोघांच्या मधे म्हातारीचा श्वास अडकला होता.

सुटल्यावर ती मुलुंडच्या बसकडे गेली नाही. रिक्षाला हात केला आणि हॉस्पिटलचं नाव सांगितलं. आपल्या तोंडून ते नाव निघालं हे ऐकून तिलाच धक्का बसला. रिक्षा एस. व्ही. रोडला अडकत अडकत चालली होती आणि ती मनात बोलायची वाक्यं जुळवत होती, एकही धड जुळत नव्हतं. उतरून जावं असं दोनदा वाटलं. ओळखपत्र गळ्यात राहिलंय हे लक्षात आल्यावर तिने ते काढून पर्समध्ये खोल टाकलं.

योजनेच्या टेबलावर पूर्वी नावाची मुलगी होती, बोरीवलीची, निघायच्या तयारीत. सपनाने सोनूबाईंचं नाव घेतलं तशी ती सावध झाली. "तुम्ही नातेवाईक?"

"नाही. मी मंजुरीच्या ऑफिसातून आलेय. तो दागिन्यांचा रिमार्क माझा होता."

पूर्वी पुढे झाली. "मॅडम, मीच सांगितलं काढून टाका म्हणून. काय करणार? तुम्ही लिहिता आणि शिव्या आम्ही खातो. आता चेहरा जुळत नाही म्हणून आलंय. आजींना वरच्या डॉक्टरांनी परवाची वेळ दिलीये, ती गेली तर पुढची कधी ते देवाला माहीत. आणि तुम्हाला इथे यायला अलाउड आहे?"

"नाही."

पूर्वीने तिच्याकडे नीट बघितलं, मग बॅग पुन्हा टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "चला, दाखवते."

वॉर्डात संध्याकाळची भेटीची वेळ होती. माणसं, डबे, फिनाइलचा वास आणि त्यात कुठून तरी तळलेल्या सुरमईचा. सोनूबाई कोपऱ्यातल्या खाटेवर उशांना टेकून बसली होती, कारण आडवं झालं की तिचा दम कोंडत होता. शेजारी तिची सून डब्यातून भात कालवत होती. म्हातारीने दात पुन्हा लावले होते. अंबाडा घातला होता. झगा तोच, कान तसेच रिकामे, पण उजव्या भुवईपाशी तो व्रण होता, आणि सपनाकडे जी नजर वळली ती पहिल्या फोटोतली होती. जरा रागाची, जरा मानाची. तीच. तीच बाई. तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि ते कोणाला दिसू नयेत म्हणून ती खाटेच्या नंबराकडे बघत राहिली.

"आजी, या मॅडम योजनेतून आल्यात," पूर्वी म्हणाली.

सोनूबाईने हातातला घास ताटात ठेवला. "परत फोटो?" तिला बोलायलाही मधे थांबावं लागत होतं. "आता कशी पायजे तुमाला? गरीब का शिरीमंत? एकदा काय ता ठरवा गो बाय. मना सारखी सारखी उठून बसवत नाय."

"आई, गप जरा," सून म्हणाली आणि घाईघाईने सपनाकडे वळली. "मॅडम, रागावू नका. ते सोनं आमचं नाय हो, खरंच. आईंच्या पाटल्या नि कानातले वेल तेवढे घरचे. बाकी गल्लीतलं. ठुशी समोरच्यांची, हार माझ्या जावेच्या माहेरचा. लग्नकार्य असलं की फिरतं आमच्यात, आज हिच्या गळ्यात, उद्या तिच्या. आईंनी निरोप धाडला, सरकार फोटो काढतंय, द्या. दिलं सगळ्यांनी. दुसऱ्या दिवशी परत पण केलं. आमच्यात काय शिरीमंती नाय."

मागून आणलेलं. सपनाला क्षणभर वाटलं आपण बरोबर ऐकलं नाही. धोंडाबाईचं पातळ तिच्या डोळ्यांसमोर आलं, ठिगळासकट. तिने विचारलं ते योजनेसाठी नव्हतं, स्वतःसाठी होतं. "पण आजी, इथे हॉस्पिटलात, एवढा दम लागत असताना, सगळ्यांकडून मागून कशाला घातलंत?"

सोनूबाईने सुनेकडे बघितलं, सांगू का अशा अर्थाने, आणि मग कोणाचीच वाट न बघता बोलायला लागली. "आमच्या धन्याचा फोटो हाय घरात. भिकाजीचा. बोटीवर गेला तो परत आलाच नाय. फोटो बघाय गेलो तर एक पण नाय. होळीला नाचताना कोणी काढलेला एक गावला, पंधरा लोक त्यात. त्यातून त्याचा तोंड कापून मोठा केला. आता खांद्यावर दुसऱ्याचा हात हाय. कोणाचा हात ता पण कोणाला ठावं नाय. रोज दिवा लावते मी, त्या हाताला पण लागते." ती हसली आणि हसण्याने तिला खोकला आला. सुनेने पाठ चोळली. सोनूबाईने हाताने तिला दूर केलं. "डॉक्टर बोलला, टेबलावर काय पण होल. मी म्हटला, मेली तर पोर कुठं फोटो शोधत बसल? हाच लावतील. आता सरकार आपणहून काढते हाय, तर चांगला निघू दे. उद्या नातवंडा बघतील. आजी कशी होती, तर अशी होती."

वॉर्डात कोणाच्या तरी फोनवर गाणं वाजलं आणि बंद झालं. पूर्वी खाटेच्या दांडीला धरून उभी होती. सपना मनात वाक्य जुळवत होती, आजी, चूक माझी झाली असं काहीतरी. सोनूबाई तिच्याकडे रोखून बघत होती.

"तुजी आई हाय?"

"नाही."

"फोटो हाय?"

"आहे."

"चांगला हाय?"

सपनाने पुढे होऊन म्हातारीचं मनगट धरलं, डॉक्टर धरतात तसं, तीन बोटांनी. नाडी बारीक होती आणि मधेच चुकत होती. तिने ती बराच वेळ धरून ठेवली. मग म्हणाली, "फोटो आता काढायचा नाही, आजी. झोपा तुम्ही. पहिला चांगला आलाय." आणि वॉर्डाबाहेर येऊन जिन्यात भिंतीला टेकून उभी राहिली.

घरी पोचली तेव्हा राजाराम टीव्हीचा आवाज बारीक करून बसले होते. तिने हातपाय धुतले, ताट वाढून घेतलं आणि आज भिंतीकडे तोंड करून बसली. फोटोतलं ठिगळ खांद्यावर होतं, काळसर, चौकोनी. आई खाली बघत होती. लहानपणी तिला वाटायचं की आपण खूप खाली, जमिनीवर झोपून बघितलं तर तिची नजर मिळेल. एकदा तिने करूनही बघितलं होतं.

"बाबा, आईने धोंडाबाईंचं पातळ परत कधी केलं?"

राजाराम चमकले. या फोटोबद्दल घरात कोणी बोलत नसे. "त्याच दिवशी संध्याकाळी," ते म्हणाले. "धुतलं तिनं. ठिगळाचा एक टाका उसवला होता तो घातला. मग तांब्यानं इस्त्री केली. मी म्हटलं, अगं फाटक्याला कसली इस्त्री करतीस? तर म्हणाली, दुसऱ्याची वस्तू आहे. अंगात दम नव्हता तिच्या, बसून बसून केली." त्यांनी रिमोट हातात घेतला. "स्टुडिओवाला म्हणाला होता, मोठा करताना ठिगळ पुसून देतो. मी म्हटलं राहू दे. तिला जगायचं होतं म्हणून ती तशी बसली होती. ते कसं पुसायचं?" त्यांनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. "पण मलाही नाही बघवत, सपना. खरं सांगतो."

इतकी वर्षं तिला वाटत होतं फक्त आपल्यालाच बघवत नाही.

सकाळी ती लवकर पोचली. मजला अजून अर्धा रिकामा होता, सफाईवाल्याने पुसलेली फरशी ओली होती. केस होल्डवर होती तशी होती. चेहरा जुळत नाही. सपनाने मंजूरच्या बटणावर बाण नेला तशी चौकट उघडली, यंत्राचा निष्कर्ष डावलण्याचं कारण लिहा. तिला सोपी कारणं माहीत होती. प्रकाश अपुरा. पेशंटच्या नाकावर नळी. त्यातलं एखादं लिहून निभावलं असतं, कदाचित. पण ऑपरेशननंतर तपासणी झाली असती, दोन फोटो समोर ठेवून कोणीतरी पुन्हा तोतया म्हटलं असतं, आणि म्हातारी खाटेवर असताना हॉस्पिटलने बिलासाठी तिच्या मुलाला गाठलं असतं. पक्कं कारण एकच होतं. ते लिहिलं की केस कोणाला हलवता येणार नव्हती, आणि लिहिणारी उरणार नव्हती. घरचा हप्ता, बाबांची औषधं, माणिकरावांचा डबा, सगळं एकदम डोक्यात आलं आणि गेलं नाही, तिथेच थांबलं. ते तिथे असतानाच तिने टाइप केलं, पेशंटला मी स्वतः हॉस्पिटलात जाऊन पाहिले आहे, दोन्ही फोटो त्यांचेच आहेत.

यज्ञेश बॅग खांद्यावर असतानाच मागे येऊन उभा राहिला. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं. "तू गेली होतीस?"

"हो."

"सपना, हे पुसून टाक. वेडी आहेस का? काहीही दुसरं लिही, मी बघतो."

"दुसरं टिकणार नाही रे."

चौकटीत खाली आणखी एक प्रश्न होता, नोंदीत कोणता फोटो कायम ठेवायचा. तिने पहिल्यावर खूण केली. नथ, ठुशी, हार, आणि ती थेट बघणारी नजर.

"निदान हा तरी नको," यज्ञेश हळू आवाजात म्हणाला. "ती गरीब दिसते तो दुसरा ठेव ना. हा बघून वरचे भडकतील. हाच कशाला?"

"हा तिने काढून घेतलाय. दुसरा मी काढायला लावला."

तिने बटण दाबलं. लाल पट्टी गेली, हिरवी आली, आणि सोनूबाईंचं नाव यादीतून वर सरकून दिसेनासं झालं. यज्ञेश आपल्या टेबलाकडे गेला. मजला हळूहळू भरत होता, खुर्च्या सरकत होत्या, कोणीतरी कोणाला तरी नाश्त्याचं विचारत होतं. सपनाने पुढच्या केसवर बाण नेला आणि दाबला. काही उघडलं नाही. तिने पुन्हा एकदा दाबून बघितलं. मग खुर्चीच्या पाठीला लावलेली डब्याची पिशवी काढून मांडीवर घेतली आणि थोडा वेळ तशीच बसून राहिली.